प्रीलोड वाढवला म्हणून स्प्रिंग कडक होत नाही

लडाखसाठी दिल्लीच्या करोल बागेतून बाईक भाड्याने घेणारे ब्रेक, टायर, आरसे सगळं पारखून घेतात. मागचा शॉकअप मात्र आधीच्या माणसाच्या वजनाला लावलेला असतो आणि तसाच मनालीपर्यंत जातो. कंपनीचं सेटिंग सगळ्यांना चालतं, असं आपण धरून चालतो. पण चालवणारा ५५ किलोचा असू शकतो, ९५ किलोचाही, आणि सामान वेगळंच.

सर्वांत घट्ट बसलेला गैरसमज प्रीलोडचा, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची त्या सेटिंगचा आहे. पान्याने रिंग फिरवली की स्प्रिंग कडक होते, असं मेकॅनिकही सांगतात. स्प्रिंग दहा किलोला ५ मिमी दबणारी असेल, तर दबायला लागल्यावर ती रिंगच्या कुठल्याही खाचेवर तेवढीच दबते. बदलते ती बाईकची उंची: तुम्ही बसल्यावर ती किती खाली जाते, म्हणजेच सॅग.

तो मोजायला टेप पुरते. मागचं चाक अधांतरी धरून ॲक्सलपासून सरळ वर टेलवरच्या एका खुणेपर्यंत अंतर घ्या. मग हेल्मेट, जॅकेट, सामानासकट बसा, मित्राला हँडल धरायला सांगा आणि पुन्हा मोजा. हा फरक चाकाच्या एकूण हालचालीच्या साधारण ३० टक्के हवा. हिमालयन ४११ चं मागचं चाक १८० मिमी हलतं, म्हणजे सुमारे ५४ मिमी. फरक जास्त भरला तर प्रीलोड वाढवा, कमी भरला तर उतरवा.

खरी मेख पुढे आहे. सॅग जमल्यावर उतरा आणि रिकामी बाईक स्वतःच्या वजनाने थोडी तरी बसते का ते बघा. अजिबात बसत नसेल, तर स्प्रिंग तुमच्यासाठी मऊ आहे. वजनदार माणसाने इथे रिंग आणखी आवळण्यात अर्थ नाही, स्प्रिंगच बदलायला हवी. माझ्या मते महागड्या एक्झॉस्टआधी हा खर्च करावा.

धक्के कमी व्हावेत म्हणून टायरची हवा उतरवणं तर धोक्याचं. यमुना एक्स्प्रेसवेच्या १६५ किलोमीटर काँक्रीटवर कमी हवेचा टायर तापतो आणि फुटू शकतो.

दोन शॉकअपच्या बाईकवर डबलसीट निघताना दोन्ही सारख्याच खाचेवर चढवा. मागचा माणूस उतरला की परत खाली आणा, नाहीतर एकट्याने जाताना प्रत्येक गतिरोधकावर मागचं चाक उडतं.