समईचा उजेड आणि मातोश्रींचे मुख

लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळी समईपाशी बसलेल्या आमच्या मातोश्रींचे छायाचित्र आम्ही डिजिटल कॅमेऱ्याने घेतले. भोवतालचा काळोख उजळला. त्यांचे मुख मात्र पांढरेफटक उमटले. वाचकहो, दोष आमच्या निवडीचा होता. ‘मॅट्रिक्स’ मापन सबंध चौकटीचा प्रकाश जमेस धरते, ‘सेंटर-वेटेड’ मध्यभागास झुकते माप देते, ‘स्पॉट’ इवल्याशा भागापुरतेच पाहते आणि त्यास मध्यम करडा मानते. म्हणून स्पॉट ज्योतीवर धरल्यास घर अंधारात बुडते. काळ्या पाषाणमूर्तीवर धरल्यास सावळे रूप करडे होते, तेथे एक्स्पोजर उणे करावे. समईपाशी तो उजळलेल्या गालावरच धरावा. मातोश्री आज नाहीत. या दीपावलीत वडीलधाऱ्यांचे छायाचित्र घेताना आपण एवढे ध्यानी ठेवावे, ही विनंती.