इंदूरचे बिजलीघर : लहान औष्णिक केंद्र आणि प्रादेशिक वीजपुरवठा

इंदूरच्या पोलोग्राउंड भागात पश्चिम क्षेत्र विद्युत वितरण कंपनीचे मुख्य कार्यालय आहे. इंदूर व उज्जैन या विभागांतील १५ जिल्ह्यांच्या वीजवितरणाचा कारभार येथून चालतो. कार्यालयाच्या पत्त्यात ‘जीपीएच परिसर’ असा उल्लेख येतो आणि त्यातील शेवटची दोन अक्षरे ‘पॉवर हाऊस’ची आहेत. शहरातील जुन्या लोकांच्या तोंडी मात्र ‘बिजलीघर’ हाच शब्द होता. ‘औष्णिक विद्युत केंद्र’ हा शब्द पाठ्यपुस्तकाबाहेर क्वचितच पडला, आणि त्यात नवल नाही.

होळकर संस्थानात इंदूर शहराला वीजपुरवठा १९०६ साली सुरू झाला. त्या काळी वीज दूरवर वाहून नेणाऱ्या उच्चदाब वाहिन्या या प्रदेशात नव्हत्या. म्हणून जेथे गरज तेथेच केंद्र, असा प्रकार होता. कोळसा जाळून वाफ करायची, वाफेने चक्र फिरवायचे व त्यावर जनित्र चालवायचे. तत्त्व आजही तेच आहे. बदलले आहे ते आकारमान.

हे आकारमानाचे गणित वर्गात सहज करून दाखविता येते. समजा, १० मेगावॅटचे एक लहान केंद्र पूर्ण क्षमतेने चालले, तर दिवसाला २,४०,००० युनिट वीज तयार होते. जुन्या लहान केंद्रांत एका युनिटला साधारणतः एक किलो किंवा त्याहून जास्त कोळसा लागे. म्हणजे रोज किमान २४० टन. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण ३० ते ४५ टक्के असते, तेव्हा रोजची राखच ७० टनांच्या वर गेली. हा सर्व व्यवहार भरवस्तीच्या शेजारी! शिवाय स्वातंत्र्यपूर्व काळात इंदूरला मोठ्या मापाचा रेल्वेमार्ग नव्हता. खाणीकडून आलेला माल मधल्या स्थानकावर उतरवून मीटर मापाच्या डब्यांत पुन्हा भरावा लागे. कोळसा महाग पडण्यास हे एक कारण पुरेसे होते.

दुसरी अडचण पाण्याची. वाफ थंड करून पुन्हा वापरण्यासाठी औष्णिक केंद्राला पाण्याचा अखंड साठा लागतो. इंदूरच्या कान्ह व सरस्वती या नद्या उन्हाळ्यात आटणाऱ्या. शहराची तहान सिरपूर, बिलावली यांसारख्या तलावांवर आणि १९३९ नंतर यशवंत सागरवर भागत होती. अशा ठिकाणी केंद्र लहानच राहणार, हे उघड आहे.

याच काळाच्या पुढच्या टप्प्यावर बुऱ्हाणपूरजवळ चांदनी येथे एक औष्णिक केंद्र उभे राहिले. त्याची क्षमता २० मेगावॅटहूनही कमी होती. पण शेजारी नेपानगरचा वृत्तपत्र-कागदाचा कारखाना होता, ज्याचे उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते १९५६ साली झाले. बुऱ्हाणपूर हे मोमीन विणकरांचे गाव. हातमागाच्या जागी यंत्रमाग आले, तेव्हा कारागिराची मजुरी थेट विजेशी बांधली गेली, कारण ती तासावर नव्हे, विणलेल्या मालावर मिळते. वीज गेली की माग थांबतो आणि माग थांबला की त्या वेळेची मजुरी बुडते. वीजनिर्मितीच्या चर्चेत मेगावॅटचे आकडे येतात, परंतु ही बाजू फारशी येत नाही.

१९६० साली चंबळवरील गांधीसागर धरणाची जलविद्युत उपलब्ध झाली. त्याची क्षमता ११५ मेगावॅट. वीज उच्चदाब वाहिन्यांनी माळव्यात पोहोचली. पुढे १९६७ पासून बैतूल जिल्ह्यातील सारणी येथील सातपुडा केंद्र सुरू झाले. ते कोळशाच्या खाणीजवळच आहे. कोळसा वाहून नेण्यापेक्षा वीज वाहून नेणे स्वस्त, हे एकदा सिद्ध झाल्यावर शहरातील लहान बिजलीघरांचे दिवस भरले. मोठ्या संचात उष्णतेचा उपयोगही अधिक चांगला होतो. एका युनिटला सुमारे ६५० ग्रॅम कोळसा पुरतो.

मात्र लहान केंद्राला काहीच महत्त्व नव्हते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. दूरची वाहिनी तुटली तर शहराचा किमान काही भाग उजेडात ठेवण्याची सोय जवळच्या केंद्रामुळे होते, आणि वाहिनीच्या टोकाला दाब कमी पडतो तोही सावरता येतो.

आज इंदूरच्या पंचक्रोशीतील मोठे औष्णिक केंद्र म्हणजे खंडवा जिल्ह्यातील श्री सिंगाजी केंद्र. निमाडच्या संतकवीचे नाव त्याला दिलेले आहे. ६०० मेगावॅटचे दोन व ६६० मेगावॅटचे दोन असे चार संच, एकूण २,५२० मेगावॅट. पाणी इंदिरा सागर जलाशयातून. वरील हिशेबाने हे केंद्र पूर्ण क्षमतेने चालल्यास दिवसाला सुमारे ३९,००० टन कोळसा लागेल, म्हणजे जवळजवळ दहा मालगाड्या. राखेचा प्रश्न शहरातून हलला आणि निमाडच्या शेतांच्या शेजारी जाऊन बसला, एवढाच फरक.

इंदूरच्या विजेचा एक मोठा वाटा पाण्यावर खर्च होतो. १९७८ पासून शहराला नर्मदेचे पाणी मिळते. ते जलूदहून सुमारे ७० किलोमीटर अंतर व ४०० मीटरहून अधिक उंची चढून येते. केवळ उंचीचाच हिशेब केला तरी हजार लिटर पाण्याला एक युनिट वीज लागते; पंपांतील व नळांतील घट धरल्यास खर्च आणखी वाढतो. हे बिल हलके व्हावे म्हणून इंदूर महानगरपालिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये हरित रोख्यांतून २४४ कोटी रुपये उभारले. त्यातून जलूद येथे ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प घेण्यात आला. सूर्य मावळल्यावर पंप मात्र चालूच राहतात, आणि त्या वेळची वीज मुख्यतः कोळशाच्या किंवा धरणाच्या केंद्रांतून घ्यावी लागते.