गोष्ट थांबवा, मुलांना विचारा

१९९६ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात शिकणारे ब्रिज कोठारी मित्रांबरोबर एक स्पॅनिश चित्रपट पाहत होते. सगळे स्पॅनिश शिकणारे, आणि पडद्याखालच्या ओळी मात्र इंग्रजीत. त्याच ओळी स्पॅनिशमध्ये असत्या तर कानांवर पडलेलं डोळ्यांनी वाचताही आलं असतं, असं त्यांना वाटलं. पुढे अहमदाबादच्या आयआयएममध्ये असताना त्यांनी दूरदर्शनवरच्या चित्रपटगीतांखाली गाण्याचेच शब्द उमटवायला सुरुवात केली. त्याच विचारातून ‘बुकबॉक्स’च्या मुलांसाठीच्या ॲनिमेटेड गोष्टी आल्या. निवेदक जो शब्द उच्चारतो, तोच त्या क्षणी पडद्यावर रंगतो.

अशा आधाराची गरज मोठी आहे. ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या ४८.८ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला.

शिवाय, वाचता आलं म्हणजे समजलं असंही नाही. गॉफ आणि टनमर या अभ्यासकांनी १९८६ मध्ये मांडलं, की आकलन हा अक्षरं उलगडणं आणि भाषा समजणं या दोहोंचा गुणाकार आहे. एक शून्य, तर उत्तर शून्य. जोडाक्षरं लावता लावताच दमणाऱ्या मुलाकडे अर्थासाठी बळ उरत नाही. मेळघाटात घरी कोरकू बोलणारं एखादं मूल मराठी अक्षरं नीट लावतं, पण शब्दच ओळखीचा नसतो. ॲनिमेटेड गोष्ट पहिल्याला आवाजाचा हात देते, दुसऱ्याला चित्राचा.

माकड आणि मगरीची गोष्ट घ्या. मगर नदीच्या मध्यावर येते आणि ‘ती अवघडली’ एवढंच वाक्य पडद्यावर येतं. पेला किंवा झाड दाखवता येतं. अवघडणं कसं दाखवणार? हलत्या चित्रात मगरीचा वेग मंदावतो, ती नजर चुकवते, तोंड उघडून पुन्हा मिटते. अर्थ उमगतो. नेदरलँड्समध्ये डच ही दुसरी भाषा असलेल्या बालवाडीच्या मुलांवर झालेल्या, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही हेच दिसलं. स्थिर चित्रांपेक्षा हलत्या चित्रांमुळे त्यांना गोष्ट अधिक समजली, विशेषतः पात्रांच्या मनात काय चाललंय ते.

पण प्रत्येक हालचाल उपयोगाची नसते. ४३ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. कथेशी जुळणारं ॲनिमेशन, संगीत आणि आवाज आकलनाला मदत करतात. मध्येच येणारे खेळ आणि दाबल्यावर नाचणारी चित्रं मात्र लक्ष उडवतात, असं त्यातून दिसलं. अमेरिकेत सिनसिनाटीच्या बालरुग्णालयात जॉन हटन यांनी लहान मुलांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं, तेव्हा ॲनिमेशन पाहताना भाषा आणि कल्पनेशी संबंधित जाळ्यांमधला समन्वय कमी पडलेला आढळला. स्थिर चित्रांच्या गोष्टीत तो अधिक चांगला होता. सगळंच पडद्यानं दाखवलं तर मुलानं मनात उभं करायचं काय?

म्हणून खरी किंमत आहे ती थांबवण्याच्या बटणाला. काळीज झाडावर राहिलं असं माकड सांगणार, त्याच्या क्षणभर आधी बाईंनी गोष्ट थांबवावी. ‘आता माकड काय करेल? का?’ मुलांनी अंदाज बांधावेत, वाद घालावेत. मग पुढचं पाहावं. दुसऱ्या वेळी आवाज बंद करून पडद्यावरच्या ओळी मुलांनीच वाचाव्यात. तिसऱ्या वेळी पडदा बंद, हातात छापील गोष्ट. आणि शेवटी ज्याला जमेल तशी ती आपल्या शब्दांत सांगणं. ही शेवटची पायरी घाईत गाळली जाते, आणि मूल गोष्ट नुसतीच पाहून उठतं. स्मार्ट टीव्ही लावून वर्ग शांत ठेवणं म्हणजे वाचन शिकवणं नव्हे.

घरातही हे करता येतं. त्यासाठी मोबाइल मुलाच्या हातात देऊन उठून जाऊ नये, शेजारी बसावं. साहित्याला पैसेही लागत नाहीत: प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी गोष्टी मोफत वाचता येतात, उतरवून घेता येतात आणि छापून मुलाच्या हाती देता येतात.