डोळ्याखालचे निळे : केव्हा थांबावे, केव्हा धावावे

मुंबईत एक गोरेगाव आहे आणि हिंगोली जिल्ह्यात, सेनगाव तालुक्यात, दुसरे. आपल्या या गोरेगावसारख्या गावांतील लेकी शिकून मुंबई-पुण्याला नोकरीला जातात. शहरातील नवे उपचारही मग त्यांच्या ओळखीचे होतात. डोळ्यांखालच्या खळग्यात सुईने भरला जाणारा 'फिलर' हा त्यांपैकीच एक. अशी लेक सुट्टीला घरी आली आणि डोळ्याखाली काळेनिळे दिसले, की आई घाबरते. शेजारीण विचारते, "कोणी हात उगारला का गं?" पोरगी शरमेने ओढणी पुढे ओढते. धोका या लपवाछपवीतच आहे. साधा डाग कोणता आणि डोळ्यावर बेतणारा कोणता, हे घरातल्या सर्वांना ठाऊक असले पाहिजे.

निळे का पडते?

पापणीची कातडी अंगावरील सर्वांत पातळ, जेमतेम अर्धा मिलिमीटर. तिच्याखाली बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे असते. फिलर म्हणजे बहुधा हायलुरोनिक आम्लाची लिबलिबीत जेल. ती भरताना सुई एखाद्या वाहिनीला लागली की रक्त पाझरते व कातडीखाली साचते. मुका मार लागल्यावर होते तेच इथेही होते. डाग आधी लालसर-जांभळा, मग हिरवट, शेवटी पिवळट होतो. रंग बदलणे म्हणजे शरीर साचलेले रक्त मोडून शोषून घेत आहे. सूज पहिले दोन-तीन दिवस जास्त असते. डाग साधारण एक ते दोन आठवड्यांत जातो. सावळ्या कातडीवर तपकिरी छटा आणखी काही आठवडे रेंगाळू शकते. तिला उन्हापासून जपावे.

घरी काय करावे?

पहिले एक-दोन दिवस स्वच्छ कापडात बर्फ गुंडाळून दहा-दहा मिनिटे हलकेच धरावा, दाबू नये. झोपताना उशी उंच घ्यावी. जागा चोळू नये, मालिश करू नये. चुलीची धग, वाफारा, कडक ऊन व जड ओझे दोन दिवस टाळावे. दुखल्यास डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल घ्यावी. अ‍ॅस्पिरिनसारख्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो; मात्र हृदयविकारासाठी चालू असलेली गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

एक गोष्ट मुळीच करू नये. मुक्या मारावर आपल्याकडे हळद-चुन्याचा लेप लावतात. तो डोळ्याजवळ नको. चुन्याचा कण डोळ्यात गेला तर बुबुळ भाजते आणि दृष्टी जाऊ शकते.

केव्हा धावावे?

सुई घेतल्यावर जागा पांढरी पडली, कातडीवर जाळीसारखी जांभळी नक्षी उमटली, दुखणे वाढतच गेले, अंधुक वा दुहेरी दिसू लागले, पापणी लोंबली, तर तो साधा डाग नव्हे. जेल रक्तवाहिनीत शिरून रक्तपुरवठा बंद पडल्याची ही लक्षणे आहेत. असे क्वचितच होते, पण झाले तर कातडी सडते, दृष्टीही जाते. इथे सकाळची वाट पाहू नये. मिनिटे मोलाची असतात. सुई देणाऱ्या डॉक्टरांना लगेच गाठावे, ते न भेटल्यास मोठे रुग्णालय गाठावे. म्हणूनच सुई घेतलेल्या रात्रीच गाडीत बसून गावी निघू नये. दोन-तीन दिवस डॉक्टरांच्या जवळ राहावे. घरी लग्नकार्य असेल तर निदान महिनाभर आधीच विचार करावा. काही दिवसांनी ताप, लाली, पू दिसला, तर तेही दाखवावे.

डाग न बदलता निळसर छटा तीन-चार आठवड्यांनंतरही राहिली, तर ते रक्त नसून वरच्या थरात बसलेली जेल असू शकते. हायलुरोनिडेज या औषधाने ती विरघळवता येते. जुलै २०२५ मध्ये अभिनेत्री उर्फी जावेद हिने ओठांतील फिलर असा विरघळवून घेतला, तेव्हा सुजलेला चेहरा तिने स्वतःच लोकांना दाखवला. फिलर चुकीच्या जागी बसला होता, असे तिने सांगितले.

सुईआधी दोन प्रश्न

पहिला, सुई कोण देणार? ब्युटी पार्लरमधील ताईंचे हे काम नव्हे. डॉक्टरांची पदवी व महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारावा. विचारण्यात संकोच कसला? फिलर विरघळवण्याचे औषध दवाखान्यात आहे का, हेही विचारावे.

दुसरा, हे काळे नेमके कशाचे? फिलर खळगा भरतो, कातडीचा रंग उजळत नाही. अपुरी झोप, डोळे चोळण्याची सवय, घराण्यातून आलेला रंग यांनीही वर्तुळे येतात; अंगात रक्त कमी असेल तर चेहरा फिकट पडून ती अधिक उठून दिसतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी सुमारे ५४ जणींत रक्त कमी आढळले. तेव्हा हजारो रुपये मोजण्याआधी सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. लोहाच्या गोळ्या तिथे मोफत मिळतात.

आणि आईबापांनो, लेकीने सुई घेतलीच असेल तर आधी रागावू नका. तिला दिसते आहे ना, दुखते आहे का, हे विचारा. बोलणी नंतर बसली तरी चालतील, डोळा मात्र पुन्हा मिळत नाही.