मेसची भाषा

इंजिनिअरिंगला आलेलं पोरगं पहिल्या सेमिस्टरला दोन भाषा शिकतं. एक सी लँग्वेज आणि दुसरी मेसची भाषा. पहिलीत बॅक राहिला तर पुन्हा परीक्षा देता येते, दुसरीत मात्र उपाशी राहावं लागतं!

मी कळंब्याचाच. इथं रूम घेऊन राहणारी बाहेरची पोरं 'कोरड्यास' ऐकून सुकी भाजी समजतात आणि वाटीत येतं पातळ कालवण. कोरड्या भाकरीला तोंडी लावायचं ते कोरड्यास, असं आमच्याकडं सांगतात. आमची चपाती रोजची. पोळी सणाची, पुरणाची. माझा पुण्याचा मित्र रोज 'पोळी' खातो म्हटल्यावर आमच्या आज्जीला त्याच्या श्रीमंतीचं फार कौतुक वाटायचं! नागपूरचा मित्र 'सांबार आण' म्हणाला तर त्याला कोथिंबीर हवी असते. मुंबईचे कुरमुरे इथं चिरमुरे होतात, विदर्भात मुरमुरे.

हे शब्द कुठून आले ते बघण्यासारखं आहे. आपल्याला कर्नाटक जवळ. कन्नडमध्ये उप्पु म्हणजे मीठ आणि हिट्टु म्हणजे पीठ. त्याचं झालं उप्पिट्टु, आपलं उपीट. 'उपमा' तमिळकडून आला, पण तिथंही अर्थ मीठ आणि पीठ हाच. म्हणजे उपीट की उपमा हे भांडण मुळातच फुकटचं!

याहून मजेशीर असतात घरातली नावं. शिळ्या चपातीचे तुकडे करून फोडणीला टाकले की कुणाकडं तो कुस्करा, कुणाकडं मनोहरा, तर कुणाकडं चक्क माणिकपैंजण. शिळ्याला नाकं मुरडणारी पोरं अशा नावानं गप जेवतात. आमची आज्जी त्याला 'पावण्यांचा चिवडा' म्हणायची, कारण पावणे जेवून गेले की चपात्या उरायच्या. आज्जी गेली. आता आई 'फोडणीची चपाती' म्हणते. चव तीच आहे, पण पावण्यांनी भरलेलं घर त्या नावातून गेलं.

पुण्याचं डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मराठी बोलींचं सर्वेक्षण केलंय. त्यात गावोगावचे शब्द नोंदले जातात. पण एकाच घरात चालणारा शब्द म्हणजे लोकल व्हेरिएबल. फंक्शन संपलं की मेमरीतून गायब. तो टिपायला बाहेरचं कोण येणार?

तेव्हा सुट्टीत घरी गेलात की आज्जीजवळ बसा. शब्द विचारा, तो का पडला तेही विचारा आणि जर्नलच्या मागच्या पानावर का होईना, लिहून ठेवा. सबमिशनची तारीख मात्र आपल्या हातात नाही.