नावाचं पान पुरे

आमच्या शेजारच्या इमारतीतल्या एका तरुणाला नवी नोकरी लागली. रुजू होण्याआधी कंपनीनं त्याची माहिती पडताळायला माणूस पाठवला. त्यानं वॉचमनला चार प्रश्न विचारले, दाराचा फोटो काढला, समोरच्या काकांना ‘मुलगा कसा आहे?’ असं विचारलं आणि तो निघून गेला. संध्याकाळपर्यंत इमारतभर झालं, की पोलीस येऊन गेले. नोकरी मिळाली, पण ‘काहीतरी भानगड असणार’ हा संशय काही घरांतून अजून गेलेला नाही.

हे काम आतून कसं चालतं ते पाहावंसं वाटलं, ते या प्रकारामुळे. पुण्यातल्या एका पडताळणी संस्थेनं नाव न छापण्याच्या अटीवर मला तिथे बसू दिलं. दाराशीच प्रत्येकाचा मोबाइल लॉकरमध्ये जातो. आत संगणकांच्या रांगा, आणि प्रत्येक पडद्यावर कुणाची तरी गुणपत्रिका, अनुभवपत्र, पगाराची पावती. उमेदवार अर्ज भरतो, संमतिपत्रावर सही करतो, कागद अपलोड करतो. मग केस शिक्षण, आधीची नोकरी, पत्ता, ओळख आणि न्यायालयीन नोंदी अशा तुकड्यांत वाटली जाते आणि शेवटी अहवाल निघतो : हिरवा, पिवळा किंवा लाल.

मी गेले तेव्हा नव्या कायद्याचं प्रशिक्षण सुरू होतं. शिकवणाऱ्या गृहस्थांनी फळ्यावर पहिलाच आकडा लिहिला : २५० कोटी. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये मंजूर झाला. माहिती सुरक्षित ठेवण्यात कसूर केली, तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम आले आणि मुख्य कलमांच्या तयारीसाठी १८ महिने मिळाले, म्हणजे मे २०२७ पर्यंतची मुदत. जेवणाच्या सुट्टीत, लिफ्टमध्ये, चहाच्या टेबलावर सगळीकडे तोच आकडा ऐकू येत होता. “अडीचशे कोटी, मॅडम!” एक मुलगा मला म्हणाला. हा कायदा नेमका कुणासाठी आहे, यावर मात्र बोलणं होत नव्हतं.

ते मला कागदपत्रांच्या टेबलावरच्या एका ताईंकडे बसल्यावर कळलं. आपल्याकडे लग्नानंतर बाईचं मधलं नाव बदलतं, आडनाव बदलतं, काही घरांत पहिलं नावही बदलतं. पदवी माहेरच्या नावावर, अनुभवपत्र सासरच्या आणि अर्ज कदाचित पुन्हा माहेरच्या. नावं जुळली नाहीत, की पुरावा मागावा लागतो. त्या दिवशी एका उमेदवार बाईंनी घटस्फोटाच्या निकालाची अख्खी प्रत पाठवली होती. आरोप, पोटगी, मुलाचा ताबा, सगळं त्यात. ताईंनी पहिलं पान पाहिलं आणि फाईल बंद केली. बाईंना फोन लावला. “ताई, एवढं सगळं नको. नावबदलाचं राजपत्र आहे का? नसेल तर निकालातलं फक्त नावाचं पान पाठवा. नावाचं पान पुरे.” मग वरिष्ठांना सांगून त्यांनी आधीची फाईल काढून टाकायला लावली.

पलीकडून बाई काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही. ताई एवढंच म्हणाल्या, “त्यांना वाटलं, दिलं नाही तर नोकरी जाईल. सगळ्यांना तसंच वाटतं.”

कायद्याचं सार त्या एका फोनमध्ये होतं. कायद्याला हवी असलेली संमती मोकळेपणानं दिलेली, विशिष्ट हेतूपुरती, समजून-उमजून आणि विनाअट असायला हवी. त्या हेतूला लागेल तेवढ्याच माहितीला ती लागू होते. कायद्यातच एक उदाहरण दिलंय : वैद्यकीय सल्ल्याच्या ॲपनं फोनमधली संपर्कयादी मागितली आणि वापरणाऱ्यानं होकार दिला, तरी तो होकार सल्ल्यापुरताच धरायचा, कारण त्यासाठी संपर्कयादी लागत नाही. नाव जुळवायला पोटगीची रक्कमही लागत नाही. नोकरीच्या कारणासाठी काही बाबतींत संमतीविना माहिती वापरायची मुभा मालकाला कायद्यानं दिली आहे. पण अजून रुजूही न झालेल्या उमेदवाराला ती लावता येईल का, याबद्दल प्रशिक्षकही सावध होते. “रीतसर नोटीस द्या, संमती घ्या,” असंच त्यांनी बजावलं.

ओळखीच्या टेबलावर आधारच्या प्रती येतात. खासगी कंपन्यांना आधार सक्तीनं मागता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर स्पष्ट आहे. शेवटचे चार आकडेच दिसतील असं ‘मास्क्ड आधार’ कुणालाही उतरवून घेता येतं. तरी बहुतेक उमेदवार पूर्ण क्रमांकाची प्रत पाठवतात, कारण त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

सर्वांत जास्त धास्ती मला न्यायालयीन नोंदींच्या टेबलावर वाटली. ई-कोर्ट्सवर पक्षकाराच्या नावानं शोध घेता येतो. या नोंदी सार्वजनिक आहेत, पण पाटील, जाधव, शिंदे अशा आडनावांना एकसारखी कितीतरी नावं निघतात. वडिलांचं नाव, वय, पत्ता जुळवूनच ती नोंद याच माणसाची आहे का ते ठरवायचं असतं. माहितीच्या आधारे एखाद्याबाबत निर्णय होणार असेल, तर ती पूर्ण, अचूक आणि सुसंगत असल्याची खात्री करण्याची जबाबदारी कायद्यानं माहिती वापरणाऱ्या कंपनीवर टाकली आहे. ठरलेल्या वेळेत केस संपवायची घाई असते, तेव्हा हे कलम भिंतीवर लावून ठेवायला हवं.

पत्ता पडताळणाऱ्या एका मुलाबरोबर मी दुचाकीवर हडपसर भागात फिरले. त्याला केसमागे पैसे मिळतात. दारं शोधायची, फोटो काढायचा, घरच्यांची सही घ्यायची, घर बंद असेल तर शेजारी विचारायचं. एका आजोबांनी दार अर्धं उघडून विचारलंच, “काय केलं हो त्यानं?” मुलगा शांतपणे म्हणाला, “काही नाही आजोबा, नोकरी लागलीय त्याला. राहतो ना इथे, तेवढंच विचारायचं होतं.” ‘कसा आहे’ हे त्यानं विचारलं नाही. मला बरं वाटलं. पण फोटो त्याच्या स्वतःच्या फोनमध्ये होते आणि तिथून व्हॉट्सॲपवर पुढे जात होते. “नंतर काढून टाकतोस का?” मी विचारलं. “आठवलं की काढतो,” तो म्हणाला. ऑफिसात मोबाइल लॉकरमध्ये ठेवायचा आणि इथे अनोळखी लोकांची दारं, सह्या, पत्ते याच्या खिशात. अडीचशे कोटींची जोखीम त्या खिशातही आहे. त्याची चूक मी धरत नाही. ऑफिसचा फोन आणि नीट प्रशिक्षण त्याला कुणी दिलेलं नाही. काम बाहेर दिलं, तरी कायद्याची जबाबदारी काम देणाऱ्या कंपनीवरच राहते.

हेतू संपला आणि दुसऱ्या कायद्यानं ठेवायला सांगितलं नसेल, तर माहिती पुसायची, हेही कलम आहे. उमेदवाराला आपली कोणती माहिती वापरली गेली याचा सारांश मागता येतो, चूक दुरुस्त करून घेता येते, तक्रार करता येते. पण चुकीचा लाल शेरा दुरुस्त व्हायचा असेल, तर तो आहे हे आधी माणसाला कळायला हवं. अमेरिकेत १९७० च्या एका कायद्याप्रमाणे, अशा अहवालावरून नोकरी नाकारायची असेल तर आधी उमेदवाराला त्याची प्रत द्यावी लागते. आपल्या कायद्यात असं थेट बंधन नाही. उमेदवाराला फक्त ‘तुमची निवड झालेली नाही’ असा मेल येतो.

पडताळणी नको, असं मी म्हणणार नाही. खोटी पदवी घेऊन रुग्णालयात किंवा बँकेत कुणी बसू नये, असं मलाही वाटतं. पण २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी गोपनीयता हा मूलभूत हक्क ठरवला, तो नोकरी मागायला आलेल्या माणसाचाही हक्क आहे.

म्हणून कंपन्यांना माझं सांगणं आहे : लागेल तेवढंच मागा, दारोदार जाणाऱ्या मुलांना शिकवा आणि लाल शेऱ्यावरून कुणाला नाकारण्याआधी तो अहवाल त्याला दाखवा, त्याचं म्हणणं ऐका. आणि नोकरीचा अर्ज भरणाऱ्यांना : संमतीची नोटीस मराठीत मागा. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत ती वाचता येण्याची सोय कायद्यानं केली आहे, आणि मराठी त्या यादीत आहे. सही करण्याआधी ती वाचा.