शेपटीला जखम झालेला समुद्रघोडा

काचेच्या टाकीत पाळलेल्या समुद्रघोड्याला ज्या दुखापती होतात, त्यांपैकी पुष्कळांचे मूळ त्याच्या एकाच सवयीत सापडते. पोहण्याच्या कलेत तो कच्चा आहे. पाठीवरचा इवलासा पर सेकंदाला तीसपस्तीस वेळा हलवूनही तो जेमतेम पुढे सरकतो, आणि म्हणून समुद्रात काय किंवा टाकीत काय, शेपटीच्या टप्प्यात जे येईल त्याला विळखा घालून तासन् तास स्वस्थ राहणे हाच त्याचा जीवनक्रम असतो. समुद्रात ते सागरी गवताचे पाते असते. टाकीत मात्र तो पाणी ऊबदार राखणारा हीटर असू शकतो, दंशपेशी बाळगणारे समुद्रपुष्प असू शकते किंवा पंपाचे पाणी ओढून घेणारे तोंड असू शकते. आणि हीटर तापू लागला तरी विळखा सोडण्याची बुद्धी या प्राण्याला वेळेवर होईलच असे नाही. जाणते पाळणारे हीटरभोवती प्लॅस्टिकची जाळी बसवतात ती याच कारणाने.

पुढे जाण्यापूर्वी एक खुलासा जरूर आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली समुद्रघोड्याचा समावेश झाला, तेव्हापासून आपल्याकडे त्याला पकडण्यास, विकण्यास व हौसेखातर घरी ठेवण्यास मज्जाव आहे, आणि तो असावा हेच योग्य. गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत ‘हिप्पोकॅम्पस कुडा’ या जातीच्या संवर्धनाचे प्रयोग झाले, पण ते संशोधन होय. घरगुती मत्स्यालयात समुद्रघोडा दिसतो तो अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया अशा देशांत. तेथे हवाई बेटांवरील कोना किंवा टास्मानियातील ब्यूटी पॉइंट अशा ठिकाणी बंदिस्त पाण्यात पैदा केलेले समुद्रघोडे सनदशीर मार्गाने मिळतात. आंतरराष्ट्रीय व्यापारावर तर ‘साइट्स’ कराराचा अंमल मे २००४ पासून आहेच. येथे वर्णिलेली शुश्रूषा त्या मुलखातली आहे.

समुद्रघोड्याची शेपटी गोल नसून चौकोनी असते. तिच्यात सुमारे ३६ कड्या असून प्रत्येक कडी काटकोनात वळलेल्या चार अस्थिपट्टांची बनलेली असते, आणि हे पट्ट एकमेकांवर सरकू शकत असल्यामुळे शेपटी दाबून निम्म्या रुंदीची केली तरी तिला कायमची इजा होत नाही. संशोधक मायकेल पोर्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी चौकोनी आणि गोल अशा दोन्ही घाटांच्या कृत्रिम शेपट्या त्रिमितीय छपाईने बनवून त्यांची परीक्षा घेतली, आणि पकडीत व दाब सोसण्यात चौकोनी शेपटी सरस ठरते असा निष्कर्ष २०१५ साली ‘सायन्स’ नियतकालिकात मांडला. खेकड्याची नांगी हे चिलखत सोसू शकते. परंतु इतर माशांच्या अंगावर असणारे खवले समुद्रघोड्याला नाहीत. अस्थिकड्यांवर ताणून बसवलेली पातळ त्वचा एवढेच त्याचे बाह्य आवरण, आणि भाजल्याने वा दंशाने ती एकदा फाटली की आत हाड उघडे पडण्यास विलंब लागत नाही. समुद्रजलात सदैव वास्तव्य करणारे ‘व्हिब्रिओ’ वंशाचे जीवाणू तेथे शिरकाव करतात. शेपटीचा शेंडा प्रथम पांढुरका पडतो, मग त्वचा झडू लागते, आणि प्राणी आधार धरायचे सोडून टाकीच्या तळाशी आडवा होतो.

अशा वेळी औषधाच्या बाटलीकडे धावणारा हात आवरणे हा पहिला इलाज होय, असे माझे स्पष्ट मत आहे. पाण्यात विरघळलेले प्रतिजैविक जखमेवरच्या जीवाणूंना मारते त्याप्रमाणे टाकीच्या गाळणीत वस्तीला असलेल्या, माशांच्या उत्सर्गातील अमोनियाचे रूपांतर करणाऱ्या उपकारक जीवाणूंनाही मारते. आणि समुद्राचे पाणी अल्कधर्मी असल्यामुळे साचलेल्या अमोनियाचा जो हिस्सा तेथे खरोखर विषारी रूपात राहतो, तो गोड्या पाण्यातल्यापेक्षा मोठा असतो. म्हणून रोग्याला वेगळ्या, वाळू नसलेल्या टाकीत हलवावे लागते, तेथे धरण्यासाठी प्लॅस्टिकची वनस्पती किंवा दोरी द्यावी लागते, आणि पाणी वारंवार बदलण्याचा बंदोबस्त ठेवावा लागतो. हलवताना त्याला शक्यतो पाण्याखालीच ठेवून ओल्या बोटाला शेपटी गुंडाळू द्यावी. पाण्याचे तापमान सावकाश थोडे उतरवले, म्हणजे उष्ण कटिबंधातील जातींसाठी २०–२२ अंश सेल्सिअसच्या आसपास आणले, की व्हिब्रिओच्या वाढीचा वेग मंदावतो आणि थंड पाण्यात प्राणवायूही अधिक मावतो. समुद्रघोड्याचे कल्ले दाट गुच्छांसारखे व आखूड असतात, तेव्हा प्राणवायूची ही भर त्याच्या दृष्टीने क्षुल्लक नव्हे.

औषध लागतेच, पण ते निवडून. टेट्रासायक्लिनसारखे सुप्रसिद्ध प्रतिजैविक येथे फारसे कामाचे नाही, कारण समुद्रजलातील कॅल्शियम व मॅग्नेशियम त्याला जखडून निष्प्रभ करतात. त्वचेवरील परजीवी मारण्यासाठी फॉर्मेलिनचे स्नान घालतात, परंतु फॉर्मेलिन पाण्यातील प्राणवायू खर्ची घालते, म्हणून हवेचा पंप जोरात चालू ठेवण्याची ताकीद असते. आयोडिनयुक्त द्रव जखमेवर बोळ्याने लावतात तेव्हा तो कल्ल्यांत शिरणार नाही अशी खबरदारी घ्यावी लागते.

सर्वांत कठीण प्रश्न अन्नाचा. समुद्रघोड्याला दात नाहीत आणि जठरही नाही. नळीसारख्या मुखातून सेकंदाच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी वेळात ओढून घेतलेले भक्ष्य थेट आतड्यात जाते व फारसे न थांबता पुढे निघून जाते. साठवणीची कोठीच नसल्याने निरोगी असतानाही त्याला दिवसभर थोडेथोडे खावे लागते, आणि आजारपणात तो अन्न नाकारतो तेव्हा जखमेपेक्षा उपासमारच त्याचा घास घेण्याची भीती असते. गोठवलेली मायसिस कोळंबी तो पाहूनही न पाहिल्यासारखे करतो. अशा वेळी आर्टेमिया नावाची जिवंत, वळवळणारी इवली कोळंबी समोर सोडली तर त्याच्यातला शिकारी पुष्कळदा जागा होतो, आणि तिला आधी औषधमिश्रित द्रवात चरू दिले तर औषधही तिच्या पोटातून रोग्याच्या पोटात पोहोचते. तेही साधले नाही तर बारीक, मऊ नळी पिचकारीला जोडून मुखनलिकेतून पातळ आहार भरवतात. हे काम अनुभवी हाताचे. नवख्याने पशुवैद्याला गाठावे.

टाकीतल्या समुद्रघोड्यांचा आणखी एक विकार असा की त्यांच्या त्वचेखाली किंवा नराच्या गर्भपिशवीत वायूचे बुडबुडे जमतात, आणि बिचारा बुचासारखा पृष्ठभागावर तरंगू लागतो. जीवाणूंचा संसर्ग, वायूने अतिसंपृक्त झालेले पाणी, टाकीची तोकडी खोली अशी अनेक कारणे सांगितली जातात, आणि तज्ज्ञांचे एकमत नाही. इलाज मात्र आपल्या ओळखीचा निघतो. लडाखला किंवा एव्हरेस्टच्या पायथ्याशी जाणारे आपले गिर्यारोहक डायमॉक्सच्या ज्या गोळ्या बरोबर बाळगतात, त्यांतले ॲसिटाझोलामाइडच येथे वापरतात. माशाच्या वाताशयात वायू भरणारी ग्रंथी रक्त आम्लधर्मी करून हिमोग्लोबिनकडून प्राणवायू सोडवून घेते. या क्रियेला कार्बनिक ॲनहायड्रेज हे वितंचक लागते, आणि हे औषध नेमके त्यालाच अडवते. बुडबुडे वाढण्यामागे हीच यंत्रणा भरकटलेली असावी, असा तर्क या चिकित्सेच्या मुळाशी आहे.

भरून आलेल्या जखमेवर नवी त्वचा धरते. गळालेल्या अस्थिकड्या मात्र परत येत नाहीत, तरी शेंडा गमावलेला समुद्रघोडा उरलेल्या शेपटीने आधार धरून दिवस काढू शकतो. मूळ टाकीत त्याला कधी परत न्यावे याचा निर्णय तो आपण होऊन खाऊ लागला आहे की नाही यावरून करतात, आणि तेथे एक गुंता उभा राहतो. समुद्रघोड्यांच्या अभ्यासक अमांडा व्हिन्सेंट यांनी ऑस्ट्रेलियाच्या समुद्रात केलेल्या निरीक्षणांत समुद्रघोड्याची जोडी रोज सकाळी एकत्र येऊन रंग बदलत, शेपट्या गुंफत एकमेकांचे स्वागत करताना आढळली. जोडीदारापासून तोडलेला रोगी अन्न नाकारतो, असा पाळणाऱ्यांचाही अनुभव आहे. संसर्गाची भीती म्हणते विलग ठेवा, अन्नाची गरज म्हणते सोबत द्या. जखम भाजल्याची असेल तर मी सोबतीच्या बाजूने कौल देईन. जीवाणूंनी पोखरलेली असेल तर नाही.